लोखंड तपासलंस का?

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या जुन्या घरात उन्हाळ्याची वाळवणं सोऱ्याने सुरू होत नाहीत, फडक्याने सुरू होतात. आधी गच्चीवर ओलं फडकं फिरतं. मग कोरडं. मग धुतलेली जुनी साडी अंथरली जाते आणि त्यानंतरच गव्हाच्या चिकाचं पातेलं वर येतं. कुरडया घालून झाल्या, की त्यांच्यावर मलमलीचं कापड. एवढं करूनही संध्याकाळी ते कापड झटकलं, की काळी भुकटी खाली पडतेच!

ही भुकटी रायपूरकरांच्या चांगल्या ओळखीची आहे. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती. तिथे स्पंज आयर्नचे कारखाने. लोहखनिज कोळशाबरोबर तापवायचं, खनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायचा, की मागे उरतं ते जाळीदार, सच्छिद्र लोखंड. या धंद्याने रायपूरला पैसा दिला, हजारो हातांना काम दिलं आणि गच्च्यांना काळी पूड दिली. वारा तिकडून वाहू लागला, की दोरीवरचे पांढरे कपडे आत घ्यायचे, हे इथल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

या घरातल्या बाई निवृत्त शिक्षिका. उभा जन्म अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात गेला आणि तेही हिंदीतून. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, असा त्यांचा तीन भाषांचा संसार. दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला त्या गच्चीवरची धूळ पुडीत बांधून वर्गात न्यायच्या. कागदावर ती पसरायची आणि खालून लोहचुंबक फिरवायचा. धुळीतले कण चुंबकामागे पळू लागले, की पोरं डोळे विस्फारायची. मग बाई म्हणायच्या, "धूळ म्हणून झटकून टाकू नका. तिच्यात काय आहे ते तपासा."

हा धडा एक दिवस आपल्याच लेकीला महाग पडणार आहे, हे बाईंना तेव्हा कुठे ठाऊक होतं?

* * *

लेक शहरातल्याच एका संस्थेत रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. सणासमारंभाला नातेवाईक विचारतात, "नेमकं काय करतेस गं?" ती म्हणते, "प्लास्टिकला प्लॅटिनमचं काम शिकवते." ऐकणारा हसतो आणि विषय लग्नाकडे वळतो.

10 मे 2025 चा शनिवार. त्या दिवशी रायपुरात मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी झेंडा दाखवून हायड्रोजनवर चालणारा एक ट्रक रवाना केला. खाणीच्या वाहतुकीसाठीचा देशातला हा पहिलाच हायड्रोजन ट्रक, असं अदानी उद्योगसमूहाने जाहीर केलं. 40 टनांपर्यंतचा माल घेऊन 200 किलोमीटर जायची त्याची ताकद. आणि काम काय? तर रायगढ जिल्ह्यातल्या गारे पेलमा-3 या खाणीतला कोळसा वीजकेंद्रापर्यंत पोचवायचा!

टीव्हीवर बातमी बघताना बाईंना हसू आवरेना. "म्हणजे सोवळं नेसून कोळशाची पोती वाहायची!"

"तू हस, आई," लेक म्हणाली. "पण त्या गाडीतून धूर निघत नाही. नुसतं पाणी निघतं. आणि तिच्या पोटात जे बसवलंय ना, त्याच्यावरच माझी चार वर्षं गेलीत."

गाडीच्या पोटात असतो इंधनघट, म्हणजे फ्युएल सेल. साध्या इंजिनात इंधन जळतं. इथे काहीच जळत नाही. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन, मध्ये एक पडदा. हायड्रोजन आपले इलेक्ट्रॉन सोडतो. ते तारेतून फिरून पलीकडे जातात आणि तारेतला हा प्रवास म्हणजेच वीज. पलीकडे ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजनशी त्याची जोडी जमते आणि पाणी तयार होतं. विल्यम ग्रोव्ह यांनी 1839 मध्ये ही युक्ती पहिल्यांदा करून दाखवली, तीही प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरून.

तेव्हापासून प्लॅटिनम या घटाला चिकटून बसलं आहे. कारण घोडं अडतं ते ऑक्सिजनपाशी. हायड्रोजन इलेक्ट्रॉन चटकन देऊन टाकतो. ऑक्सिजन मात्र घेताना रुसलेल्या व्याह्यासारखा आढेवेढे घेतो. त्याची समजूत घालायला मध्यस्थ लागतो. स्वतः खर्ची न पडता काम जमवून देणारा हा मध्यस्थ म्हणजे उत्प्रेरक. प्लॅटिनम या कामात पटाईत! पण आहे महाग. शिवाय जगातल्या खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी दोन तृतीयांशाहून जास्त माल एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइडचा वारा लागला, की ते सुस्त पडतं.

आपल्या देशातही हायड्रोजनच्या गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी या कंपनीबरोबर तयार केलेली इंधनघटाची बस 21 ऑगस्ट 2022 रोजी पुण्यात लोकांसमोर आली. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजनच्या राष्ट्रीय मोहिमेसाठी 19,744 कोटी रुपये मंजूर केले. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित हायड्रोजन तयार करायचं उद्दिष्ट ठेवलं. एवढ्या हायड्रोजनच्या मागे प्लॅटिनमसारखे धातू आणायचे कुठून? म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळा धातू नसलेला उत्प्रेरक शोधत आहेत. लेकीची प्रयोगशाळा त्यांतलीच एक, छोटीशी.

* * *

पण प्लास्टिकमधून वीज जाते? आपण तर वीज लागू नये म्हणून तारेवर प्लास्टिक चढवतो!

बाईंना हा प्रश्न पडत नाही. त्यांच्याकडे एक जुनं, पिवळं पडलेलं कात्रण आहे. 10 ऑक्टोबर 2000 रोजी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. ॲलन हीगर, ॲलन मॅकडायार्मिड आणि हिदेकी शिराकावा हे तीन मानकरी. काम होतं वीजवाहक पॉलिमरचं. बाईंनी ते कात्रण शाळेच्या फळ्यावर लावलं, पण कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पाहणार कसं? तीन आठवड्यांवर, 1 नोव्हेंबरला, छत्तीसगढ राज्य जन्माला येणार होतं. शाळेत त्याचीच धामधूम. लेक तेव्हा दोन वर्षांची होती.

त्या नोबेलची कथा एका चुकीपासून सुरू होते. 1967 मध्ये टोकियोत शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक हजारपट जास्त पडला. काळी भुकटी तयार व्हायची, त्याऐवजी चांदीसारखा चकचकीत पापुद्रा हाती आला. दुसऱ्या कुणी तो कचऱ्यात टाकला असता! शिराकावांनी जपून ठेवला. पुढे मॅकडायार्मिड जपानला आले, त्यांनी तो पाहिला आणि शिराकावांना अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात बोलावून घेतलं. तिथे 1976 मध्ये त्या पापुद्र्याला ब्रोमीन-आयोडीनची वाफ दिल्यावर त्याची वीज वाहून नेण्याची ताकद कित्येक लाखपट वाढली.

असं का झालं, हे बाई फार छान सांगतात. सिनेमाच्या थिएटरातली भरलेली रांग डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक खुर्चीत माणूस. कुणालाच सरकता येत नाही. पण मधला एक जण उठून गेला, की शेजारचा त्याच्या जागी सरकतो, त्याच्या जागी त्याचा शेजारी... आता रांगेत हालचाल होऊ शकते. पॉलिमरच्या लांब साखळीतून काही इलेक्ट्रॉन काढून घेतले, की उरलेल्यांना असंच सरकायला वाव मिळतो. म्हणजे वाफेने साखळीला काही दिलं नाही, तिच्यातलं थोडं काढून घेतलं!

लेकीच्या कामातलं पॉलिमर त्याच घराण्यातलं, पण बरंच टिकाऊ. जर्मनीतल्या बायर कंपनीत 1980 च्या दशकाच्या अखेरीस ते तयार झालं. पूर्ण नाव उच्चारता दमछाक होते, म्हणून सगळे 'पेडॉट' म्हणतात. या पेडॉटने 2008 मध्ये मोठी खळबळ उडवली. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात ब्योर्न विंथर-जेन्सन आणि सहकाऱ्यांनी रेनकोटात वापरतात त्या गोरटेक्सच्या पडद्यावर पेडॉटचा पातळ थर चढवला आणि त्यालाच हवेचा इलेक्ट्रोड केलं. ऑक्सिजनने मुकाट्याने इलेक्ट्रॉन घेतले. प्लॅटिनमच्या तोडीस तोड! 1500 तास सलग चालवूनही काम ढासळलं नाही आणि कार्बन मोनॉक्साइडचाही परिणाम झाला नाही. 'सायन्स' या नामवंत नियतकालिकात तो लेख छापून आला.

लेकीने तो लेख एम.एस्सी.ला असताना वाचला आणि त्याच दिवशी विषय ठरवला.

* * *

चौथ्या वर्षी तिला यश आलं. निदान तसं वाटलं तरी. कार्बनच्या कापडाच्या तुकड्यावर तिने पेडॉटचा थर चढवला होता. क्षारयुक्त पाण्यात बुडवून, वरून ऑक्सिजन सोडून मोजमाप घेतलं, तेव्हा यंत्राच्या पडद्यावरची रेषा अपेक्षेपेक्षा कितीतरी खाली झेपावली. जितकी खाली, तितकं काम जास्त. तीन तुकडे करून पाहिले. तिन्ही तसेच. सरांनी पाठ थोपटली. शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला. नावात पहिलाच शब्द होता 'धातुमुक्त'. शिष्यवृत्ती संपायला वर्षच उरलं होतं. हा निबंध चांगल्या ठिकाणी छापून आला, की प्रबंध वेळेवर आणि पुढे परदेशातल्या प्रयोगशाळेत अर्ज. सगळं जुळून येत होतं.

ट्रकची बातमी आली त्या संध्याकाळी ती हे सगळं आईला सांगत होती. बाई गच्चीवरून आणलेलं मलमलीचं कापड मोरीत झटकत होत्या.

"पॉलिमर जमवतेस कशाने?" त्यांनी सहज विचारलं.

"म्हणजे?"

"अगं, सुटे रेणू साखळीत गुंफायला त्यांच्यातले इलेक्ट्रॉन कुणीतरी काढून घ्यायला लागतात ना? ते कोण करतं?"

"फेरिक क्लोराइड. नेहमीचंच आहे ते. सगळेच वापरतात."

बाईंचे हात थांबले. ओल्या कापडावर काळे ठिपके होते, त्यांच्याकडे त्या बघत राहिल्या.

"फेरिक म्हणजे लोखंड. मग ते शेवटी जातं कुठे? तपासलंस का?"

"आम्ही धुतो की गं, आई! अल्कोहोलने, पाण्याने. निवळ पाणी येईपर्यंत धुतो."

"गच्ची मीही रोज धुते," बाई म्हणाल्या आणि कापड पुन्हा पिळायला लागल्या.

त्या रात्री लेक नीट जेवली नाही. आईचा राग आला होता. चार वर्षांचं काम, सरांची शाबासकी, आणि या मोरीत उभ्या राहून शाळेतल्या पोरीला विचारावं तसं विचारतात! पण राग यायचं खरं कारण वेगळंच होतं. हा प्रश्न तिला ठाऊक नव्हता असं नाही. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेने पॉलिॲनिलीन, लोखंड आणि कोबाल्ट एकत्र भाजून ऑक्सिजनसाठी जोरदार उत्प्रेरक तयार केल्याचं तिने वाचलं होतं. ते काम करणाऱ्यांनी लोखंड घातलंय हे उघड सांगूनच घातलं होतं. 'धातुमुक्त' म्हणून गाजलेल्या काही कार्बन पदार्थांत पुढे धातूचे सूक्ष्म अंश निघाले आणि खरं काम तेच करत होते, हेही तिला माहीत होतं. ते अंश इतके थोडे, की साध्या नजरेला शून्य. पण उत्प्रेरकाला थोडंच पुरतं. दुधाला विरजण लावताना आपण वाटीभर कुठे घालतो?

तिने हे वाचलं होतं. फक्त आपल्या तुकड्याला तो प्रश्न विचारला नव्हता.

* * *

सोमवारी ती लवकर प्रयोगशाळेत गेली. मोठ्या यंत्रावर नमुना द्यायचा तर नंबर लागायला आठवडे जातात. तिला तेवढा धीर नव्हता. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेतून तिने एक बाटली मागून आणली. पोटॅशियम थायोसायनेट. बारावीच्या क्षार-परीक्षणात बाई जिची ओळख करून देत, तीच. फेरिक लोखंड असेल तर द्रावण रक्तासारखं लाल होतं. या परीक्षेला ना यंत्र लागतं, ना नंबर.

पेडॉट चढवलेला एक तुकडा तिने पातळ आम्लात तापवला, गाळून घेतला आणि त्यात चार थेंब टाकले.

लाल!

तिने आईला फोन केला. आवाज फुटत नव्हता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ब्लँक केलास?"

ब्लँक म्हणजे कोरी परीक्षा. तुकडा न घालता नुसतं आम्ल, तोच चंचुपात्र, तेच थेंब. लेकीने ती केली. तीसुद्धा गुलाबी झाली! क्षणभर तिला आनंद झाला. म्हणजे लोखंड तुकड्यात नव्हतंच, भांड्यात होतं, हवेत होतं. रायपूरच्या धुळीने वाचवलं म्हणायचं!

पण फोनवर बाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, मग दोन्ही परीक्षा बाद. भांडी आम्लाने विसळून घे, झाकून ठेव, खिडकी लाव आणि पुन्हा कर."

तिने पुन्हा केली. या वेळी कोरं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ राहिलं. तुकड्याचं द्रावण तितकंच लाल झालं. आता धुळीवर ढकलायची सोय उरली नाही. लोखंड पेडॉटच्या पोटातच होतं. फेरिक क्लोराइडने आपलं काम केलं होतं आणि पाहुणा जाता जाता घरातच मुक्कामाला राहिला होता.

आता पुढे काय? निबंधाचा मसुदा संगणकात तयार होता. पाठवायला एक बटण दाबायचं. थायोसायनेटची परीक्षा तिने आपणहून केली होती, कुणी सांगितलं नव्हतं. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी विचारलं असतं किंवा नसतंही. त्या संध्याकाळी घरी ती एवढंच म्हणाली, "नसतं विचारलंस तर बरं झालं असतं, आई."

बाईंनी उत्तर दिलं नाही. ताटात वरण वाढताना त्यांच्या हाताला कंप होता. लेकीच्या शिष्यवृत्तीचा हिशेब त्यांनाही तोंडपाठ होता.

* * *

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही परीक्षानळ्या सरांच्या टेबलावर ठेवल्या. एक लाल, एक स्वच्छ. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोखंड आहे हे कळलं. पण काम तेच करतंय कशावरून? आधी ते सिद्ध कर."

प्रश्न बरोबर होता. मग सुरू झाली धुलाई. तुकडे आम्लात रात्रभर भिजवायचे, पुन्हा अल्कोहोल, पुन्हा पाणी, थायोसायनेटची लाली जाईपर्यंत. मोजमाप घेतलं, तर रेषा निम्म्याच्याही वर येऊन थांबली. म्हणजे निम्म्याहून जास्त काम गेलं.

"आम्लाने पॉलिमरच बिघडलं नसेल कशावरून?" सरांनी विचारलं. हाही प्रश्न बरोबरच!

मग तिने दुसरी वाट धरली. फेरिक क्लोराइडला हातच लावायचा नाही. सुटे रेणू द्रावणात घ्यायचे आणि वीज सोडून त्यांची साखळी थेट कार्बनच्या कापडावर गुंफायची. इलेक्ट्रॉन काढून घ्यायचं काम वीजच करते. ही युक्तीही जुनी आहे. 1862 मध्ये लंडनच्या हेन्री लेथबी यांनी ॲनिलीनच्या द्रावणातून वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमच्या पट्टीवर गडद निळा थर बसला होता. त्या थराच्या कुळाला आज पॉलिॲनिलीन म्हणतात. लेकीने मात्र समोरच्या टोकाला असलेली प्लॅटिनमची तारही काढून टाकली आणि तिथे ग्रॅफाइटची कांडी लावली. कारण चालू घटात त्या तारेतले कण विरघळून दुसऱ्या टोकावर जाऊन बसू शकतात. एका धातूने फसवलं, आता दुसऱ्याला संधी नाही!

या नव्या, खरोखरच्या धातुमुक्त तुकड्याने धुतलेल्या तुकड्याइतकंच काम केलं. ना कमी, ना जास्त. निकाल लागला. जी झेप पाहून पाठ थोपटली गेली होती, ती बहुतांशी लोखंडाची होती.

मसुदा मागे पडला. 'धातुमुक्त' हा शब्द असलेलं पहिलं पान तिने स्वतः खोडलं. आता प्रबंध वेळेवर होणार नव्हता हे उघड होतं. शिष्यवृत्ती संपल्यावरचे महिने शिकवण्या घेऊन काढावे लागणार होते. बाई एवढंच म्हणाल्या, "माझी पेन्शन आहे. दोन बायकांना वरणभाताला किती लागतं?"

* * *

गोष्ट इथेच संपली असती, तर ती हरल्याची गोष्ट झाली असती.

पण उरलेलं निम्म्याहून कमी काम नेमकं काय होतं, हे अजून कुणी पाहिलं नव्हतं. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन घ्यायच्या दोन वाटा असतात. एका रेणूने चार घेतले, तर शेवट पाण्यात होतो. दोनच घेऊन थांबला, तर तयार होतो हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुवायच्या औषधाच्या बाटलीतलं, फसफसणारं. इंधनघटाला हवी पहिली वाट, कारण वीज जास्त मिळते. शिवाय पेरॉक्साइड घटाच्या पडद्याला कुरतडतं. स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी पेडॉटवर बारकाईने काम करून दाखवलं, की पेडॉटचा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. म्हणजे ज्याला प्लॅटिनमची बदली म्हणून उभं केलं, त्याचा स्वभावच वेगळा निघाला!

लेकीने आपल्या घटातलं पाणी तपासायचं ठरवलं. कसं? पुन्हा शाळेतलीच रीत. पाण्यात आम्ल घालायचं, मग पोटॅशियम आयोडाइड. पेरॉक्साइड असेल तर आयोडीन सुटतं आणि स्टार्चला निळं करतं. बाईंनी डब्यातली एक कुरडई मोडून तिचा तुकडा पुडीत बांधून दिला. "स्टार्चची बाटली कशाला हवी? गव्हाचा चीक म्हणजे स्टार्चच की!"

लेक हसली. कितीतरी दिवसांनी.

प्रयोगशाळेत तिने बाटलीतला स्टार्च रीतसर वापरला, ब्लँकही केला. कोरं द्रावण पांढरट राहिलं, घटातलं निळंशार झालं. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने उरलेल्या द्रावणात कुरडईचा तुकडा टाकला. तोही निळाजांभळा! त्याचा फोटो आईला गेला, खाली दोनच शब्द लिहून : "तळू नकोस."

पेरॉक्साइड ही काही टाकाऊ वस्तू नाही. कागद आणि कापड पांढरं करायला, पाणी शुद्ध करायला, जंतू मारायला ते लागतं. आज ते मुख्यतः मोठ्या कारखान्यांत, अँथ्राक्विनोनच्या लांबलचक पद्धतीने तयार होतं आणि टँकरमधून दूरवर न्यावं लागतं. हवा, पाणी आणि थोडी सौर वीज यांच्यापासून ते लागेल तिथे, लागेल तेवढंच करता आलं तर? एखाद्या गावच्या पाण्याच्या टाकीपाशी? वाट लांबची आहे. पेरॉक्साइड किती दाट मिळेल, पॉलिमर त्यात किती दिवस टिकेल, हे प्रश्न सोडवायचे आहेत. पण निदान प्रश्न खरे आहेत.

सरांनी प्रबंधाचं नाव बदलायला मान्यता दिली. प्लॅटिनमचा उल्लेख आता त्यात नाही. लोखंडाचं मात्र एक अख्खं प्रकरण आहे, किती होतं, कुठे लपलं होतं, कसं काढलं. सर म्हणाले, हेच प्रकरण इतरांना जास्त उपयोगी पडेल, कारण फेरिक क्लोराइड सगळेच वापरतात.

लेक आता संध्याकाळी चार मुलांना शिकवते. त्याच घरात, आईच्याच जुन्या टेबलावर. पहिल्या दिवशी ती गच्चीवर गेली, कोपऱ्यातली काळी धूळ कागदावर गोळा केली आणि खाली आली.

"मॅडम, हे काय?" एका मुलाने विचारलं.

तिने टेबलाच्या खणातून आईचा लोहचुंबक काढला आणि त्याच्या हातात दिला. "मी नाही सांगणार. तूच तपास."

स्वयंपाकघरात बाई कुरडया तळत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. पण झारा हातात तसाच धरून, त्या ऐकत उभ्या राहिल्या होत्या.